सर्व्हरमधल्या वेगवान हार्ड डिस्क : दहा हजारी, पंधरा हजारी आणि आपण



आपल्या सभासदांमध्ये संगणकक्षेत्रातली माणसे मोजायला बसलो तर हातापायांची बोटे पुरायची नाहीत. त्यांना या लेखात नवीन फार थोडे सापडेल. हा लेख इतरांसाठी आहे. ज्यांचे किराणा मालाचे दुकान आहे, दातांचा दवाखाना आहे, टॅक्स भरून देण्याचे ऑफिस आहे, आणि ज्यांना कोणीतरी सांगितले आहे की "लीज संपलेला सर्व्हर स्वस्तात मिळतोय, आत पंधरा हजारवाल्या डिस्क आहेत, एकदम एंटरप्राइझ ग्रेड, डोळे झाकून घ्या." घ्यावा की नाही, हा प्रश्न आमच्याकडे इतक्या वेळा येतो की एकदाच सविस्तर लिहून ठेवावे असे ठरवले.

पंधरा हजार म्हणजे काय, तर डिस्कच्या आतली तबकडी एका मिनिटात १५,००० वेळा गरगर फिरते. याला आरपीएम म्हणतात. घरच्या संगणकातल्या डिस्क ५,४०० किंवा ७,२०० आरपीएमच्या असतात. बँका, विमा कंपन्या, शेअर बाजार, इस्पितळे यांच्या सर्व्हरसाठी १०,००० आणि १५,००० आरपीएमच्या डिस्क बनवल्या गेल्या आणि साधारण वीस वर्षे त्यांचे राज्य होते.

जास्त फेऱ्यांनी मिळते काय?

पिअर्सन विमानतळावर भारतातून येणारे विमान उतरल्यानंतरचा प्रसंग आठवा. आधी आपली बॅग कोणत्या पट्ट्यावर येणार ते शोधून तिथपर्यंत चालत जायचे. मग एका जागी उभे राहून, लोणच्याची बरणी पोटात घेतलेली आपली बॅग फिरत फिरत समोर येईपर्यंत थांबायचे. हार्ड डिस्कमध्ये अगदी हेच घडते. तबकडीवर गोल गोल रेघा असतात. माहिती वाचणारा दांडा आधी योग्य रेघेवर जातो. या वेळेला सीक टाइम म्हणतात. मग हवा असलेला तुकडा फिरत त्याच्या खाली येईपर्यंत तो थांबतो. ही दुसरी वेळ फक्त फेऱ्यांच्या वेगावर अवलंबून असते. नशीब चांगले असले तर बॅग लगेच समोर, वाईट असले तर पूर्ण एक फेरी. सरासरीने अर्धी फेरी धरायची.

आता गणित सोपे आहे. ७,२०० आरपीएमला अर्ध्या फेरीला साधारण ४.२ मिलिसेकंद लागतात, १०,००० ला ३ आणि १५,००० ला २. त्यात दांडा हलण्याची वेळ मिळवायची. ७,२०० च्या डिस्कमध्ये ती साडेआठ मिलिसेकंदांच्या आसपास असते, १५,००० च्या डिस्कमध्ये साडेतीन. म्हणजे साधी डिस्क तबकडीवर इकडेतिकडे विखुरलेले तुकडे सेकंदाला सुमारे ८० वेळा वाचू शकते, दहा हजारी डिस्क १३० वेळा आणि पंधरा हजारी १८० वेळा.

'विखुरलेले' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. बँकेच्या डेटाबेसमध्ये एक खातेदार या टोकाला, दुसरा त्या टोकाला. तिथे दर वेळी पट्टा शोधणे आणि बॅगेची वाट पाहणे आलेच. पण तुम्ही गणेशोत्सवाच्या कार्यक्रमाची व्हिडिओ फाइल एका जागेहून दुसऱ्या जागी ढकलत असाल तर माहिती सलग असते. दांडा एकदा जागेवर गेला की काम संपले. अशा कामात वीस वर्षांपूर्वीची पंधरा हजारी डिस्क आजच्या ७,२०० च्या मोठ्या डिस्कपुढे सपशेल हरते, कारण नव्या तबकडीवर माहिती कितीतरी दाट भरलेली असते आणि एकाच फेरीत जास्त वाचली जाते. जुन्या १४६ जीबीच्या पंधरा हजारी डिस्कला सेकंदाला शंभर एमबीसुद्धा जड जात. आजची वीस टेराबाइटची डिस्क अडीचशेच्या पुढे जाते.

थोडा इतिहास

आयबीएमने १९५६ मध्ये रॅमॅक नावाच्या यंत्राबरोबर पहिली हार्ड डिस्क विकायला काढली तेव्हा तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या मिनिटाला १,२०० फेऱ्या मारत. पुढे बराच काळ ३,६०० हा आकडा रूढ होता. सीगेट कंपनीने १९९२ मध्ये बॅराकुडा ही ७,२०० ची डिस्क आणली, १९९६ मध्ये चीता ही १०,००० ची आणि २००० मध्ये चीता एक्स-१५ ही १५,००० ची. तिची क्षमता होती १८ जीबी. आज खिशातल्या फोनमध्ये याच्या कितीतरी पट जागा असते, पण त्या वेळी त्या डिस्कचा रुबाब काही और होता. वायटूकेच्या लाटेत जे सभासद टोरांटो आणि मिसिसागात आले त्यातल्या अनेकांनी सर्व्हर रूममध्ये या डिस्कचा तो शिट्टीसारखा बारीक आवाज ऐकला असेल.

मग २०,००० का आले नाहीत? कारण हवा. तबकडी हवेत फिरते, हवा तिला अडवते आणि त्या घर्षणाची उष्णता होते. वेग दुप्पट केला तर ही उष्णता दुप्पट नव्हे, सात-आठ पट वाढते. व्यास वाढवला तर त्याहूनही जोरात. म्हणून वेग वाढवताना तबकडी लहान करावी लागली. बाहेरून साडेतीन इंची दिसणाऱ्या पंधरा हजारी डिस्कच्या आतल्या तबकड्या जेमतेम अडीच इंचांच्या असत. तरीही त्या तबकडीच्या कडेचा वेग ताशी १८० किलोमीटरच्या पुढे जातो. ४०१ हायवेवर या वेगाने गेलात तर गाडी जागच्या जागी जप्त होईल. आणि या वेगाने पळणाऱ्या पृष्ठभागावर वाचणारे डोके काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. माणसाचा केस त्या अंतराच्या हजारो पट जाड.

तबकडी लहान म्हणजे जागा कमी. त्यात भर म्हणजे मोठ्या कंपन्या वेगासाठी ही जागासुद्धा पूर्ण वापरत नसत. तबकडीचा फक्त बाहेरचा पट्टा वापरायचा, म्हणजे दांड्याला लांब जावे लागत नाही. शेकडो डिस्क विकत घ्यायच्या आणि प्रत्येकीचा चौथा हिस्सा भरायचा, असा तो खानदानी खर्च होता. पुण्यात व्हेरिटास कंपनीचे मोठे केंद्र होते. अनेक डिस्क एकत्र बांधून संगणकाला एकच मोठी डिस्क भासवणारे सॉफ्टवेअर ही या कंपनीची खासियत. त्यामुळे ही दुनिया आपल्या लोकांना तशी परकी नाही.

हे राज्य संपवले एसएसडीने. तिच्यात फिरणारे काहीच नाही. पट्टा शोधणे नाही, बॅगेची वाट पाहणे नाही. जिथे पंधरा हजारी डिस्क सेकंदाला १८० कामे करते तिथे सर्व्हरची साधी एसएसडीसुद्धा काही हजारांत, आणि चांगली लाखांत करते. २०१७ च्या सुमारास ९०० जीबीच्या पंधरा हजारी डिस्क आल्या; त्याहून मोठी आली नाही. हार्ड डिस्क संपली असे मात्र नाही. हेलियम वायू भरलेल्या, ७,२०० आरपीएमच्या, तीस टेराबाइटच्या पुढे गेलेल्या डिस्क आज डेटा सेंटरमध्ये ढिगाने लागतात. वेगाची शर्यत संपली, जागेची चालू आहे. आणि बाजारात स्वस्तात फिरणारे जुने सर्व्हर हे त्या संपलेल्या शर्यतीतले घोडे आहेत.

भरवशाचे काय?

आता मुद्द्याची गोष्ट. विकणारा 'एंटरप्राइझ ग्रेड' म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात वेग नसतो, टिकाऊपणा असतो. महाग होती, बँकेत होती, म्हणजे मजबूत असणार. या समजुतीची कसून तपासणी झाली आहे आणि ती करणाऱ्या दोघांचेही कॅनडाशी नाते आहे.

गार्थ गिब्सन हे वॉटर्लू विद्यापीठाचे पदवीधर. बर्कलीला शिकत असताना १९८८ मध्ये त्यांनी डेव्हिड पॅटरसन आणि रँडी कॅट्झ यांच्याबरोबर 'रेड' ही कल्पना मांडली. मोठ्या संगणकाच्या एकाच महागड्या डिस्कऐवजी पुष्कळ स्वस्त डिस्क एकत्र वापरायच्या आणि माहिती अशी पसरायची की एक मेली तरी बाकीच्यांवरून ती पुन्हा उभी करता यावी. रेडमधला 'आय' हा मुळात 'स्वस्त' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा होता. पुढे उद्योगाने तो गुपचूप बदलून 'स्वतंत्र' या अर्थाचा केला आणि त्याच रेडमध्ये जगातल्या सगळ्यात महाग डिस्क भरल्या! हेच गिब्सन पुढे २०१८ मध्ये टोरांटोच्या व्हेक्टर इन्स्टिट्यूटचे पहिले अध्यक्ष झाले.

दुसऱ्या बियांका श्रोडर. त्या टोरांटो विद्यापीठात प्राध्यापक आहेत. टोरांटोला येण्याआधी, कार्नेगी मेलन विद्यापीठात असताना, त्यांनी आणि गिब्सन यांनी सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी गोळा केल्या. प्रयोगशाळेतल्या नव्हेत, मोठ्या संगणककेंद्रांत आणि इंटरनेट कंपन्यांत प्रत्यक्ष राबणाऱ्या. २००७ च्या फेब्रुवारीत तो निबंध प्रसिद्ध झाला.

डिस्कच्या माहितीपत्रकावर तेव्हा दहा ते पंधरा लाख तास असा आकडा असे. दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षे. याचा अर्थ डिस्क ११४ वर्षे चालेल असा नाही. अर्थ असा, की ११४ डिस्क असतील तर वर्षाला एक बिघडेल. म्हणजे शेकडा एकाहूनही कमी. प्रत्यक्षात काय दिसले? वर्षाला शेकडा दोन ते चार डिस्क बदलाव्या लागत होत्या, आणि काही ठिकाणी तेरापर्यंत. नीट लक्षात घ्या, हा बदलण्याचा आकडा आहे. काढून परत पाठवलेल्या डिस्कपैकी बऱ्याचशा कारखान्यात तपासल्यावर ठीकही निघतात. पण दुकानदाराच्या दृष्टीने डिस्क काढावी लागली म्हणजे काढावी लागली.

आणखी दोन गोष्टी दिसल्या आणि आमच्या मते त्या जास्त मोलाच्या आहेत. एक, त्यांच्या नमुन्यात महाग एससीएसआय आणि फायबर चॅनल डिस्क स्वस्त साटा डिस्कपेक्षा कमी बदलल्या गेल्या असे दिसले नाही. दोन, सगळ्यांची समजूत अशी होती की नवी डिस्क सुरुवातीच्या काही महिन्यांत गेली नाही तर मग पाच वर्षे निर्धास्त. तसेही दिसले नाही. वय वाढेल तसे बदलण्याचे प्रमाण सुरुवातीपासूनच वाढत गेले. लीज संपलेला सर्व्हर म्हणजे तीन-चार वर्षे रात्रंदिवस फिरलेल्या डिस्क. तेव्हा तुम्ही घेता ती 'कसोटीला उतरलेली' डिस्क नसते, म्हातारी होत चाललेली डिस्क असते.

हे आपल्या ऑफिसपुरते उतरवून पाहू. सर्व्हरमध्ये आठ डिस्क आहेत आणि वर्षाला शेकडा तीन हे प्रमाण धरले, तर एका वर्षात निदान एक डिस्क जाण्याची शक्यता शेकडा एकवीस-बावीस. कॅनडा रेव्हेन्यू एजन्सी हिशेबाची कागदपत्रे सर्वसाधारणपणे करवर्ष संपल्यापासून सहा वर्षे ठेवायला सांगते. सहा वर्षांत आठपैकी निदान एक डिस्क जाण्याची शक्यता शेकडा ७७. माहितीपत्रकाच्या आकड्याने हिशेब केला तर हीच शक्यता ३५ येते. या दोन आकड्यांमधली दरी ज्याने विचारात घेतली नाही त्याचे टॅक्सचे ऑफिस मार्चअखेरीस बंद पडू शकते.

एक गेली, मग?

रेड आहे ना, एक गेली तर नवी बसवायची, असे म्हणाल. बरोबर. पण नवी बसवल्यावर बाकीच्या सगळ्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून तिच्यावरची माहिती पुन्हा तयार करावी लागते. तेवढ्या वेळात दुसरी गेली की साध्या रेड-५ मध्ये सगळेच गेले. आणि दुसरी जाण्याची शक्यता तेव्हाच वाढलेली असते. एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या, एकाच कपाटात सारख्याच राबलेल्या डिस्क या. एकीला जे झाले ते दुसरीला होऊ घातलेले असू शकते. श्रोडर आणि गिब्सन यांच्या नोंदींतही बिघाड एकमेकांना चिकटून येताना दिसले.

या बाबतीत जुन्या पंधरा हजारी डिस्कची बाजू घेऊन बोलले पाहिजे. ती लहान असल्यामुळे १४६ जीबीची डिस्क पुन्हा भरायला अर्धा-पाऊण तास पुरतो. वीस टेराबाइटची डिस्क पूर्ण वेगाने भरायची म्हटली तरी बावीस तास, आणि सर्व्हर त्याच वेळी रोजचे कामही करत असेल तर दोन-तीन दिवस. शिवाय वाचनातल्या चुका. घरगुती डिस्कची कंपनी साधारणपणे म्हणते की साडेबारा टेराबाइट वाचताना एखादा तुकडा न वाचता येण्याइतपत चूक होऊ शकते. पंधरा हजारी डिस्कसाठी हे आश्वासन शंभर पट कडक असे. त्यामुळे सर्व्हरच्या डिस्कला जास्त पैसे घेत ते सगळेच फुकट नव्हते.

घरगुती डिस्क सर्व्हरच्या रेडमध्ये टाकू नये याचे आणखी एक कारण आहे. तुकडा वाचता आला नाही की घरगुती डिस्क हट्टाने पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसते, कधी कधी मिनिटभर. रेडच्या नियंत्रकाला वाटते डिस्क मेली, आणि तो चांगल्या डिस्कला पंगतीतून उठवतो. सर्व्हरसाठी बनवलेली डिस्क काही सेकंदांत "जमत नाही" असे सांगून मोकळी होते, कारण तिला माहीत असते की शेजारणीकडे प्रत आहे.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे वाक्य तुम्ही ऐकलेले असेल. ते कॅनडात दोनदा फार मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाले. ११ जुलै २०१२ ला कॅलगरीत शॉ कोर्ट या इमारतीत विद्युत यंत्रणेचा स्फोट झाला आणि आग विझवणाऱ्या फवाऱ्यांचे पाणी खाली झिरपले. त्याच इमारतीतल्या डेटा सेंटरवर आल्बर्टा सरकारच्या आणि आरोग्यसेवेच्या काही यंत्रणा होत्या. त्या बंद पडल्या, शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. डिस्क कितीही असोत, त्या एकाच छताखाली होत्या. दुसरा प्रसंग २७ एप्रिल २०१८ चा, शुक्रवारचा. टोरांटो शेअर बाजाराचे व्यवहार दुपारी थांबले आणि त्या दिवशी पुन्हा सुरूच झाले नाहीत. चालवणाऱ्या टीएमएक्स कंपनीने सांगितले की माहिती साठवणाऱ्या यंत्रणेतला एक भाग बिघडला, आणि त्याच्या जागी आपोआप काम हाती घेणारी पर्यायी व्यवस्था नीट चालली नाही. देशातल्या सर्वांत मोठ्या शेअर बाजाराची ही गत, तर आपण आपल्या बेसमेंटमधल्या सर्व्हरबद्दल किती निर्धास्त राहायचे ते ज्याचे त्याने ठरवावे.

आपल्या थंडीतल्या गोष्टी

जानेवारीत कोणाकडून सर्व्हर विकत घेतला, गाडीच्या डिकीत टाकला, वाटेत नातेवाइकांकडे चहाला थांबलात आणि घरी येऊन लगेच चालू केला, असे करू नका. उणे वीसमधून आत आलेल्या धातूवर घरातली वाफ पाण्याचे थेंब होऊन बसते, चष्म्यावर बसते तशीच. बंद डिस्क बऱ्याच कडक थंडीत नेता येते, पण चालवण्यासाठी ती किमान पाच अंश सेल्सिअसच्या वर हवी असे माहितीपत्रके सांगतात. वेष्टन न उघडता तसेच घरात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी उघडा. हिवाळ्यात फर्नेसमुळे घरातली हवा कोरडी ठक्क असते, तेव्हा डिस्कला हात लावण्याआधी अंगातली स्थिर वीज सर्व्हरच्या धातूच्या पेटीला स्पर्श करून घालवा.

उष्णतेबद्दल मात्र लोक गरजेपेक्षा जास्त घाबरतात. श्रोडर आणि त्यांच्या टोरांटोच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये याचाही अभ्यास प्रसिद्ध केला. सरासरी तापमान थोडे जास्त असण्याचा परिणाम समजला जातो त्यापेक्षा कमी दिसला. तापमान सारखे वरखाली होण्याचा परिणाम जास्त ठळक होता. म्हणून दिवसा तापणाऱ्या आणि रात्री गारठणाऱ्या गॅरेजपेक्षा बेसमेंटचा एकसारखा उबदार कोपरा बरा. फक्त जमिनीवर ठेवू नका. ८ जुलै २०१३ ला टोरांटोत जो पाऊस कोसळला तो ज्यांच्या बेसमेंटमध्ये शिरला त्यांना हे सांगायला नको.

विजेचेही तसेच. १४ ऑगस्ट २००३ चा अंधार आणि २०१३ च्या नाताळातले बर्फाचे वादळ आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले आहे. वर्षानुवर्षे न थांबता फिरणारी जुनी डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरायला नकार देऊ शकते. वीज गेल्यावर सर्व्हर शिस्तीत बंद होईल एवढा वेळ देणारे यूपीएस हवेच, आणि सर्व्हर मुद्दाम बंद करायचा असेल तर आधी बॅकअप.

जाता जाता एक गंमत. या डिस्कना मोठा आवाज सोसत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये बुखारेस्टला आयएनजी बँकेने डेटा सेंटरमध्ये आग विझवण्याच्या वायूची चाचणी घेतली. आग नव्हती, पाणी नव्हते. नळ्यांतून वायू सुटताना जो प्रचंड आवाज झाला त्याच्या कंपनांनी डझनावारी डिस्क निकामी झाल्या आणि बँकेच्या सेवा कित्येक तास बंद राहिल्या. ढोलताशाच्या सरावाची जागा सर्व्हरच्या खोलीशेजारी ठेवू नये, हे आम्ही थट्टेने म्हणत असलो तरी पूर्ण थट्टेने नाही.

मग एसएसडीच घ्यावी ना?

वेग हवा असेल तर हो, आता दुसरे उत्तर नाही. दोन एसएसडींची जोडी आठ पंधरा हजारी डिस्कना वेगात सहज मागे टाकते. वीजही वाचते: साडेतीन इंची आठ पंधरा हजारी डिस्क मिळून शंभर वॅटच्या आसपास खातात, म्हणजे वर्षाला सुमारे ८७६ युनिट, पंखे आणि उन्हाळ्यातला एसी वेगळा.

पण इथेही 'महाग ते टिकाऊ' हे धरून चालू नका. श्रोडर यांनी गूगलच्या दोन अभियंत्यांबरोबर तिथल्या सहा वर्षांच्या नोंदी तपासून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. एसएसडी हार्ड डिस्कपेक्षा कमी वेळा बदलाव्या लागल्या. मात्र माहितीचा एखादा तुकडा कायमचा न वाचता येण्याचे प्रकार त्यांच्यात जास्त होते. आणि ज्या महाग जातीची एसएसडी जास्त भरवशाची म्हणून विकली जात होती ती रोजच्या वापरात साध्या जातीहून जास्त भरवशाची निघाली नाही. खूप लिहून झिजलेली सर्व्हरची एसएसडी विजेशिवाय कपाटात टाकली तर तिच्यावरची माहिती टिकण्याची हमी काही महिन्यांचीच असते, हेही ध्यानात ठेवा. जुन्या फोटोंची पेटी म्हणून ती वापरू नये.

विकत घेताना, टाकून देताना

आमचे मत विचाराल तर असे. शिकण्यासाठी, घरी प्रयोग करण्यासाठी, मुलाला सर्व्हर कसा उघडतात ते दाखवण्यासाठी लीज संपलेला सर्व्हर खुशाल घ्या. धंद्याची माहिती ठेवायची असेल तर सर्व्हर जुना चालेल, डिस्क नव्या घाला, आणि रेडशिवाय एक प्रत दुसऱ्या गावी किंवा क्लाऊडवर ठेवा. ती प्रत वर्षातून एकदा तरी उघडून पाहा. न उघडलेला बॅकअप आणि न उघडलेले लोणचे, आत काय झाले आहे कोणाला ठाऊक.

जुन्याच डिस्क घ्यायच्या असतील तर ती किती तास फिरली आहे आणि तिने किती खराब तुकडे बाजूला टाकले आहेत याच्या नोंदी विक्रेत्याकडून मागा. डिस्क त्या स्वतःच ठेवते. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर उत्तर मिळाले असे समजा. दुसरे, एसएएस जातीची डिस्क घरच्या संगणकाच्या साटा जोडणीत बसत नाही. उलटे चालते: साटा डिस्क बहुतेक एसएएस सर्व्हरमध्ये चालते. तिसरे, मोठ्या साठवण यंत्रणांतून निघालेल्या काही डिस्क ५१२ ऐवजी ५२० बाइटच्या तुकड्यांत आखलेल्या असतात. साध्या सर्व्हरला त्या दिसतात पण वापरता येत नाहीत. लिनक्सवर त्या पुन्हा आखता येतात, मात्र एका डिस्कला काही तास द्यावे लागतात. अशी डिस्क 'बिघडलेली' म्हणून कोणी फुकट देत असेल तर हात पुढे करायला हरकत नाही.

आता टाकून देण्याबद्दल, कारण हा भाग बहुतेक जण विसरतात. तुमच्या डिस्कवर गिऱ्हाइकांची नावे, पत्ते, सिन नंबर, पेशंटचे रिपोर्ट असतील तर ती जबाबदारी डिस्क बंद पडल्यावरही तुमचीच. धंद्यांना लागू होणाऱ्या केंद्रीय गोपनीयता कायद्यानुसार, म्हणजे पिपेडानुसार, १ नोव्हेंबर २०१८ पासून असा नियम आहे की माहिती बाहेर गेल्यामुळे कोणाला गंभीर नुकसान होण्याचा धोका असेल तर गोपनीयता आयुक्तांना आणि त्या माणसांना कळवावे लागते. क्विबेक, आल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबियात खासगी धंद्यांसाठी प्रांतांचे स्वतःचे कायदे आहेत आणि ऑन्टारिओत दवाखान्यांसाठी वेगळा कायदा आहे, तेव्हा आपल्या वकिलाला विचारा. फाइल पुसणे किंवा डिस्क फॉरमॅट करणे पुरेसे नाही. त्याने अनुक्रमणिका जाते, मजकूर राहतो. चालू डिस्क असेल तर सगळ्या तबकडीवर एकदा शून्ये लिहून काढा. मोठ्या डिस्कला त्यात दिवस जाईल, जाऊ द्या. एसएसडीला मात्र ही युक्ती पुरत नाही, कारण ती काही तुकडे राखीव ठेवते आणि तिथपर्यंत आपले लिहिणे पोचत नाही. तिच्यासाठी कंपनीची पुसण्याची आज्ञा वापरावी.

बंद पडलेली हार्ड डिस्क असेल तर तबकडीच्या भागातून ड्रिलने तीन-चार भोके पाडा, चष्मा आणि हातमोजे घालून. लॅपटॉपमधल्या लहान डिस्कच्या तबकड्या काचेच्या असतात आणि ड्रिल लागताच त्यांचा चुरा होतो, तेव्हा डिस्क आधी जाड कापडात गुंडाळा. मग ती कचऱ्यात किंवा निळ्या डब्यात न टाकता इलेक्ट्रॉनिक वस्तू घेणाऱ्या केंद्रावर द्या. आतली दोन चुंबके फार जोरदार असतात. ती हवी असतील तर भोके पाडण्याआधी काढून घ्या, पण दोन्ही एकमेकांपासून लांब ठेवा. मध्ये बोट सापडले तर चांगलेच चिमटते.